लाल कुलूप

"वहिनी, हात धुवा आणि चहाचं बघा. पाहुण्यांसमोर तेलकट बाई बरी दिसत नाही."

हे ऐकवलं आमच्या वर्कशॉपच्या मॅनेजरसाहेबांनी. पुण्याचे, शिकलेले, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीला सगळ्यांत पुढे. नवऱ्याची तिथलीच ओळख. बाकीच्या इंजिनियरांना ते नावानं हाक मारायचे. मी मात्र वहिनी.

दुबईतलं जबल अली. नव्वदचं दशक संपत आलेलं. मेकॅनिकलची डिग्री माझ्याकडेही होती. समुद्राचं पाणी खेचणारा भलामोठा पंप सकाळपासून मीच उघडून बसले होते. आणि तो बघायला गिऱ्हाईक दारात आलेलं.

चहा केला. ट्रे घेऊन आले तेव्हा साहेब पाहुण्यांना सांगत होते, "शी इज फ्रॉम ऑफिस. जस्ट हेल्पिंग." माझ्या नखांत अजून ग्रीस होतं.

मग माझ्याकडे वळून, "किल्ली द्या वहिनी. पुढचं राहुल करेल." राहुल नुकताच कामाला लागलेला.

आमच्याकडे नियम होता. मशीनमध्ये हात घालण्याआधी वीज बंद करायची, स्विचवर स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली खिशात ठेवायची. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. कारण आत त्याचा हात असतो. स्विचवर लटकत होतं ते लाल कुलूप माझं होतं. वर माझं नाव होतं.

"नाही देणार."

साहेब हसले. सगळ्यांसमोर त्यांनी माझ्या नवऱ्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला. "अहो, मिसेसना जरा समजवा. तुमच्याच व्हिसावर आहेत ना? तुमची एनओसी आहे म्हणून इथे नोकरी करताहेत."

नवऱ्याचा आवाज आला, "अगं, देऊन टाक ना. उगाच इश्यू कशाला? खलास कर विषय."

हात माझे, आणि सौदा दोन पुरुषांचा! पाहुणे बघत होते. राहुल जमिनीकडे बघत होता.

"व्हिसा नवऱ्याचा असेल. कुलूप माझं आहे. काम झालं की मीच काढीन." चहाचा ट्रे मी साहेबांच्या हातात दिला. "हे तुम्ही वाटा."

पंप मी जोडला. कुलूप मी काढलं. बटण मी दाबलं.

पुढच्याच आठवड्यात मला स्टोअरला टाकलं. मी ती नोकरी सोडली आणि दुसऱ्या वर्कशॉपमध्ये पाना हातात घेतला. लाल कुलूप सोबत नेलं.

परवा आमच्या अल नहदाच्या घरात बारावी झालेली लेक म्हणाली, "बाबा, आय वॉन्ट मेकॅनिकल." नवरा म्हणाला, "एचआर कर. एसीत बसशील." मग माझ्याकडे वळला, "तू तरी समजव तिला."

माझं डोकं सणकलं. तोच आवाज. तेच समजावणं.

मी उठले. कपाटातलं लाल कुलूप किल्लीसकट काढून लेकीच्या हातात ठेवलं आणि समजावलं.

"किल्ली कुणालाही द्यायची नाही. बापालासुद्धा नाही."