ऑर्डर मिळाली, धन्यवाद

नवरा गेल्यावर धाकटी बहीण वैरागला कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकू लागली. तिला वेबसाइट करून देतो म्हणालो, त्यात माझी मिरवायची हौस जास्त होती. पंचेचाळिशीत मी नवी पेठेतल्या एका क्लासला दर रविवारी पीएचपी, म्हणजे वेबसाइटचं प्रोग्रामिंग, शिकायला जाऊ लागलो.

तिसऱ्या रविवारी फॉर्म जमला. नाव, फोन, किती भाकरी हे भरून बटण दाबलं की माझा प्रोग्राम सर्व्हरवर चालायचा आणि पानावर उमटायचं, 'ऑर्डर मिळाली, धन्यवाद.' आलेली माहिती साठवायची कशी, हा पुढच्या रविवारचा धडा होता. मला दम निघाला नाही. पान तसंच चढवलं आणि लिंक नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. कौतुक झालं, लिंक पुढेपुढे गेली. पुढच्या रविवारी लग्न होतं, त्यापुढच्या रविवारी कंटाळा केला. साठवायचं राहिलंय हे विसरलो, असं मी स्वतःला सांगतो.

बहीण फोनवर विचारायची, "दादा, कुणीच मागवंना व्हय?"

"लोकांना सवय नाही अजून."

"डबा भरून ठिवलाय की. टिकतील म्हणा."

महिन्याभराने करमाळ्याच्या एक बाई पानावरचा पत्ता शोधत तिच्या दारात आल्या. नातवाच्या जावळाला त्यांनी पन्नास भाकरी मागवल्या होत्या. "मिळाली म्हणून आलं की. पाव्हणे ताटावर बसले आन मी रस्त्याकडं बघतीय."

बहिणीने त्यांच्यासमोरच मला फोन लावला. मी फाइल उघडली. माहिती घ्यायची आणि धन्यवाद म्हणायचं, एवढंच तिच्यात होतं.

"आनखी कुणी मागवलं आसंल, त्यांची नावं काढ," ती म्हणाली. "मी एकेकाला फोन करते."

"नावं नाहीत."

"मिळाली म्हणून तूच लिवलंस न्हवं?"

"हो."

"मग कुटं गेली?"

क्लासच्या सरांनी सर्व्हरवर शोधून दिलं. बटण एकवीस वेळा दाबलं गेलं होतं. कुणी दाबलं, त्याची नोंद नव्हती. तो आकडा मी तिला सांगितला.

आता पानावर फॉर्म नाही, तिचा फोन नंबर आहे. अनोळखी फोन आला की दर सांगायच्या आधी ती विचारते, "तुमी पयल्यांदाच मागवताय, का आदी मागवलं हुतं?"