दोन कळश्या गाळलेलं पाणी

“पाणी बघून कळत न्हाय, मोजायला लागतंय,” असं बाबासो नेजे एकदा म्हणाले होते. एकतीस वर्षं त्यांनी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये उसाच्या रसाची शुद्धता मोजली. आकडा कधी ढोबळ केला नाही. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा ओळखीच्या लोकांच्या विहिरींचं पाणी बाटलीत भरून आणू लागले. कसबा बावड्यातल्या घरात ते आणि चंदनाकाकी, दोघंच.

पुराच्या वर्षी रिजवानच्या दुकानात पाणी शिरलं. रिजवान उचगावचा, शोभेचे मासे विकायचा. पाणी आलं म्हणून मासे हलवायची वेळ आली. दोन स्टिंगरे त्यानं बाबासोंच्या गाडी लावायच्या शेडमध्ये आणून ठेवले. आठच दिवस सांभाळा काका, म्हणाला. तुमच्यासारखं पाणी गावात कुणाला कळत न्हाय.

आठ दिवसांची चार वर्षं झाली.

कोकणातल्या लोकांना पाकट माहीत असतो. हा त्याचाच गोड्या पाण्यातला भाऊबंद, दूरच्या देशातल्या नदीतला. भाकरीसारखा गोल आणि चपटा, काळ्या पाठीवर पांढरे ठिपके, शेपटीत विषारी काटा. वाळूवर पसरून पडला की पाण्याच्या तळाशी आभाळाचा एक तुकडा पडल्यासारखा वाटायचा. आणि काचेवर चढला की पोटाकडून एक तोंड दिसायचं, हसणारं. ते हसणं खरं नव्हतं. तोंडाची घडणच तशी.

अडचण एकच होती. हा प्राणी कोळंबी खातो, आणि नेजे जैन. चंदनाकाकी सूर्य मावळायच्या आत जेवायच्या, कांदा-लसूण घरात आणत नव्हत्या. पिण्याचं पाणी दुहेरी कापडातून गाळून घ्यायच्या, कापडावर राहिलेले जीव पुन्हा विहिरीत सोडायच्या. गाळलेल्या पाण्यात कुटलेली लवंग टाकायच्या. लवंग टाकली की काही तास पाण्यात नवा जीव होत नाही, असं त्यांच्या सासूनं शिकवलेलं.

शेवटी तोडगा निघाला. शेडमध्ये वेगळा लहान फ्रीज, त्यात कोळंबीचा डबा. बाबासो चिमट्यानं खायला घालायचे आणि आंघोळ करून घरात यायचे. भाद्रपदातल्या पर्युषण पर्वाच्या दहा दिवसांत मात्र डब्याला हात लावायचा नाही. ते दहा दिवस संध्याकाळी रिजवान येऊन घालून जायचा. जाता जाता चिडवायचा, “काकी, दहा दिवस तुमचा धर्म मीच सांभाळतोय बघा.” काकी त्याला चहा देत म्हणायच्या, “मग कांदा सोड की.”

खाणं चालू असताना काकी तिकडं फिरकत नसत. एरवी दुपारी खुर्ची टाकून काचेसमोर बसायच्या. मादीला त्या अक्का म्हणायच्या.

गेल्या श्रावणात अक्का व्याली. हा मासा अंडी घालत नाही, जिवंत पिलू होतं. एकच झालं, चहाच्या बशीएवढं, आईचे सगळे ठिपके घेऊन. नेज्यांच्या घरात कधी बाळंतपण झालं नव्हतं. दोनदा होता होता राहिलं होतं, त्यालाही तीस वर्षं होऊन गेली. त्या दिवशी काकींनी शेडच्या दारात रांगोळी काढली. रांगोळीवर पाय पडू नये म्हणून बाबासो आठवडाभर कडेनं चालले.

नर त्रास देईल म्हणून पिलू वेगळ्या टपात ठेवलं. रोज दुपारी टपातलं निम्मं पाणी काढायचं आणि दोन कळश्या नवं घालायचं. नळाचं पाणी आधी दोन दिवस ड्रममध्ये मुरवून ठेवलेलं असायचं, तेच. बाबासोंनी हे काकींना नीट शिकवलं होतं.

पर्वाच्या सहाव्या दिवशी नेसरीत बाबासोंचा मावसभाऊ वारला. ते सकाळीच गेले. दुपारी काकींनी ड्रमचं झाकण उघडलं. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. घातल्या तर पिलू खाणार, गाळल्या तर एवढ्यातल्या काही कापडात चिरडून मरणार. पर्वाचा दिवस. त्यांनी झाकण हळूच परत लावलं.

घरात पाणी होतं. दुपारी शास्त्र ऐकायला बायका यायच्या होत्या म्हणून मोठा हंडा भरलेला, लवंगही रोजच्यापेक्षा जास्त कुटून टाकलेली. या घरातलं सगळ्यात स्वच्छ पाणी. त्यांनी दोन कळश्या भरल्या आणि धार बारीक धरून टपात ओतल्या.

थोड्या वेळानं पिलू तळाशी निवांत पडलं. काकींना बरं वाटलं. शेजारी बसून त्यांनी णमोकार मंत्र म्हटला.

चार वाजता बाबासो आले. मयताहून आले म्हणून बाहेरच आंघोळ करत होते, तेव्हाच त्यांना लवंगेचा वास आला. ओल्या अंगानं ते शेडमध्ये गेले. पिलू उचलून मोठ्या टाकीत धरलं, हवेच्या बुडबुड्यांखाली, पुढं-मागं हलवत, श्वास घ्यायला लावत. दोन तास. संध्याकाळी रिजवान कोळंबी घालायला आला तेव्हाही हात पाण्यातच होते. त्यानं टपावर वाकून पाहिलं आणि मागं झाला.

दोघांनाही माहीत होतं. न जगणारा मासा फार तडफडू नये म्हणून रिजवान मगभर पाण्यात लवंगेचं तेल टाकायचा. मासा झोपायचा, आणि मग झोपेतच जायचा. बाबासोंना त्यानंच ते दाखवलं होतं.

तरी बाबासोंनी टपातलं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकून रंग बघितला. सगळे आकडे ठीक होते.

कशानं गेलं, असं काकींनी विचारलं. बाबासो म्हणाले, जन्मतःच कमजोर होतं. काही काही न्हाय जगत.

काकींनी मान हलवली. डोळे पुसून म्हणाल्या, “शेवटचं पाणी तरी माझ्या हातचं मिळालं.”

दिवाळीनंतर अक्काची पाठ पुन्हा फुगली. काकींनीच आधी ओळखलं. रिजवानला सांगताना त्या कितीतरी दिवसांनी हसल्या. यावेळी पहिल्या दिवसापासून ड्रमचं घाणेरडं पाणी नकोच, मीच घालणार माझ्या हंड्यातलं, म्हणाल्या.

बाहेर गाडीपाशी रिजवाननं बाबासोंना सांगितलं, लवंग चालत न्हाय एवढंच सांगून टाका की काका, विषय संपला.

“एवढंच सांगितलं तर बाकीचं तिचं तिला कळंल,” बाबासो म्हणाले. “आयुष्यात मुंगी मारली न्हाय तिनं.”

मग बराच वेळ ते गाडीच्या सीटवरची धूळ बोटानं पुसत राहिले. शेवटी म्हणाले, घेऊन जा दोन्ही.

रविवारी रिजवान टेम्पो घेऊन आला. नर आधी गेला. अक्काच्या काट्यावर बाबासोंनी स्वतः नळीचा तुकडा बसवला, तिला टाकीच्याच पाण्यात मोठ्या क्रेटमध्ये घेतलं, झाकण लावलं. काकी घरातून आल्या, हाताला पीठ तसंच. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आधी त्यांना वाटलं, टाकी धुवायची असेल. मग टेम्पो दिसला.

“अवं, ती पोटुशी हाय.”

बाबासोंनी क्रेटची एक कडी धरली. दुसरी रिजवाननं.

“कोळंबीचं मी कधी बोलले का? आताबी बोलणार न्हाय. मी घालीन लागलं तर, माझ्या हातानं.”

रिजवान थांबला. त्यानं बाबासोंकडं बघितलं. बाबासो क्रेटच्या झाकणाकडं बघत होते.

काकी जवळ आल्या. आवाज अगदी खाली आला होता. “सांगा की. माझ्या हातनं काय चुकलं का?”

क्रेटमध्ये पाणी एकदा हिंदकळलं. बाबासोंनी चपला पायात सरकवल्या, कडी घट्ट धरली, आणि दारातून बाहेर पडले.