चाळणीबाई

आमच्या ऑप्टिक्सच्या मॅडम पिशवीत पिठाची चाळणी घेऊन वर्गात येत. नाशकातल्या आमच्या कॉलेजात त्यांना सगळे चाळणीबाईच म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं. चाळणी हलवली की राजगिरा खाली गळायचा, शेंगदाणे वर राहायचे. "लाट मोठी, भोक बारीक, की उजेड अडलाच समजा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

चुकलेलं त्यांना खपत नसे. वहीत खाडाखोड दिसली की अख्खं पान पुन्हा लिहायला लावत. मी देवळ्याची, बोलण्यात अहिराणी डोकवायची. त्यांच्यापुढे माझी बोबडीच वळायची.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी सेमिनारला मी एका मासिकात वाचलेलं नवं संशोधन घेतलं. चांदीच्या पातळ पापुद्र्याला ठरावीक अंतरावर लाटेहून बारीक भोकं पाडली, तर काही रंगांचा उजेड भोकांवर पडतो त्याहूनही जास्त पलीकडे जातो. मधल्या धातूवर पडलेला उजेडसुद्धा पृष्ठभागावरच्या लाटांवाटे भोकांकडे वळतो, असं कारण दिलं होतं. मॅडमनी मला मध्येच थांबवलं. छापलेलं सगळं खरं नसतं म्हणाल्या आणि पंचवीसपैकी सहा मार्क दिले. मी ढसाढसा रडले. परीक्षा संपताच सामान बांधून घरी आले आणि आता नाशिक नको, असं आईला सांगून टाकलं.

मे महिन्यात आम्ही मायलेकी अंगणात कांदे निवडत होतो, तर घामाघूम मॅडम दारात. एसटीने एकट्या आल्या होत्या. पुण्याच्या लायब्ररीत त्यांनी मूळ लेख शोधून वाचला होता. पाणीही न घेता आईला म्हणाल्या, "तुमची मुलगी बरोबर होती. चूक माझी."

आईने हातातला कांदा न ठेवताच विचारलं, "मंग आते मार्क वाढतीन का?"

"नाही हो. अर्ज केला होता मी, पण विद्यापीठाने नाही म्हटलं." मग माझ्याकडे वळल्या. "तू मात्र परत ये. हे सगळं मला तुझ्याकडून नीट ऐकायचंय."

जूनमध्ये पहिल्याच तासाला त्यांनी खडू माझ्या हातात दिला आणि स्वतः मुलींच्या बाकावर वही उघडून बसल्या. देवा, काय बाई होती ही. तासभर मी बोलले, अहिराणीसकट. त्या टिपून घेत होत्या.

मॅडम जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते सहा मार्क माझ्या मार्कलिस्टवर अजून तसेच आहेत. प्राध्यापकीच्या मुलाखतीत त्या मार्कांवर बोट ठेवून विचारलं गेलं, तेव्हा मी ताठ मानेने सांगितलं, की हे ज्यांनी दिले, त्यांच्यासारखंच मला शिकवायचंय.