किसनची अ‍ॅलिबी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ तर नाहीच. तुमच्यावरही माझा पुरता विश्वास नाही, खरं सांगतो. तो कुणावरच नसतो — स्वभावच तसा.

तेव्हा मी चांद्याला एका वकिलांकडे मुन्शी होतो. घर आलापल्लीला, फक्त रविवारी जायचो. कोर्टातल्या इंग्रजी-लॅटिन शब्दांचे अर्थ अशिलांना समजावणं माझं काम. मी म्हणेन तो कायदा, असं लोक मानायचे. मला ते आवडायचंही.

आलापल्लीतला आमचा शेजारी किसन सुतार. एका संध्याकाळी सागवनात जंगलखात्याच्या नाकेदाराला कुणीतरी मारहाण केली आणि धरलं किसनला. वकीलसाहेब म्हणाले, त्याची अ‍ॅलिबी विचारून ये. तुरुंगात जाऊन मी त्याला अर्थ सांगितला — गुन्हा घडला तेव्हा तू दुसरीकडे होतास, आणि तिथे तुला पाहणारं कुणी आहे.

तो खाली बघत म्हणाला, "भाऊ, मी तुमच्याच घरी होतो. बाईले ताप होता. सांगू का कोर्टात?"

बायकोनं हे मला आधीच सांगितलं होतं. किसनभाऊंनी औषध आणलं, ताप उतरेपर्यंत ओसरीवर बसले. ओसरीवरच? एवढा वेळ? मी नसताना? माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. आता दोघांचं बोलणं जुळलं, तर वाटलं — ठरवूनच जुळवलं असेल! आणि नसतं जुळलं, तर? तरी मी संशयच घेतला असता ना? शिवाय भर कोर्टात माझी बायको उभी राहून सांगणार, नवरा नसताना हा घरी होता — लोक मला किती हसले असते!

मी म्हणालो, "घरच्या बाईची साक्ष यात चालत नाही."

साफ खोटं. वकीलसाहेबांना सांगितलं, अ‍ॅलिबी नाही. बायको म्हणाली, "मी येऊन सांगीन ना, काऊन नाई चालत?" तिलाही तोच कायदा ऐकवला. तिनं मानला. मुन्शीची बायको ती, न मानून करते काय?

किसनला शिक्षा झाली. सुटून आला तेव्हा सुतारकामाची पटाशीही हातात धरवत नव्हती. आमच्या दारात येऊन पाणी मागितलं. बायको म्हणाली, "बसा ना, भाऊ." तो ओसरीवर चढला नाही. अंगणातच उभ्यानं प्यायला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमी घरी दिसले, म्हणून आलो."

आणि मला — तुम्हाला सांगतो — बरं वाटलं.