लव्हॉन कुबिचेकचे बाराशे तास

लव्हॉन कुबिचेक पहिल्यांदा मिल्टन ह्रुष्काच्या खोलीत शिरली तेव्हा भिंतीवरचं घड्याळ खाली पडलं, खिडकीतली दोन कबुतरं नेब्रास्का सोडून कायमची कॅन्ससला गेली आणि मिल्टनचा रक्तदाब जो वर चढला तो आजतागायत उतरलेला नाही. निदान मिल्टन तरी असंच सांगतो. तिच्या हातात कागदांची एक फाईल होती. फाईलचं वजन पाच किलो होतं म्हणे. दर वेळी सांगताना ते किलोभर वाढतं.

खरी गोष्ट अशी की खोलीच तेवढी होती. ब्रेझ्नो या चेक लोकांनी वसवलेल्या गावच्या शाळेत मानसशास्त्रज्ञाला जी खोली दिली होती, तिथे पूर्वी झाडू आणि बादल्या राहत. त्यांना मोठी जागा मिळाली, म्हणून ही रिकामी झाली. तिथे मिल्टन एकतीस वर्षं मान खाली घालून मुलांच्या चाचण्या घेत होता आणि निवृत्तीचे दिवस मोजत होता. अशा खोलीत लव्हॉनसारखी ऐसपैस बाई शिरली की काहीतरी पडणारच.

"मी तुमची शिकाऊ उमेदवार," ती म्हणाली. "बाराशे तास. विद्यापीठानं पाठवलंय."

"तू?" मिल्टनचा चष्मा नाकावरून घसरला. "तू तर स्वयंपाकघरातली!"

"आणि तुम्ही दालचिनीचे दोन रोल उचलून वहीत एकाचीच खूण करणारे. चला, ओळख झाली."

एकोणतीस वर्षं लव्हॉननं त्या शाळेतल्या मुलांना जेवण वाढलं होतं. कुठलं मूल सोमवारी अधाशासारखं खातं, म्हणजे घरी शनिवार-रविवार कसे गेले असतील, हे तिला ट्रे पुढे सरकवतानाच कळायचं. ती मुख्याध्यापकांना सांगायची. ते म्हणायचे, "छान निरीक्षण आहे, लव्हॉन. बटाटे संपलेत वाटतं." एकदा तिनं विचारलं, माझं ऐकून घ्यायला तुम्हाला काय लागतं? ते हसत म्हणाले, "परवाना." बाईनं ते मनावर घेतलं.

आता शाळेच्या मानसशास्त्रज्ञाचा हा परवाना काही दुकानात मिळत नाही. आधी पदवी हवी. ती तिनं पत्रद्वारा सात वर्षांत ओढत-ओढत मिळवली. त्यावर तीन वर्षांचा वेगळा अभ्यासक्रम. दोन वर्षं नव्वद मैलांवरच्या विद्यापीठात तिच्या मुलीच्या वयाच्या पोरींशेजारी बसायचं. तिसरं अख्खं वर्ष शाळेत उमेदवारी, बाराशे तास, आणि दर आठवड्याला दोन तास परवानाधारक गुरूसमोर बसून केलेल्या कामाची झडती. मग साऱ्या देशाची एक परीक्षा, आणि शेवटी राज्याचा कागद. मधली एक सही राहिली की सगळं मुसळ केरात.

नवरा म्हणाला, "पन्नाशी उलटल्यावर बायका पोल्का नाच शिकतात."

"तो मला येतो," ती म्हणाली. "तुलाच येत नाही."

उमेदवारीत तिला सगळ्यात जड गेला तो चेहरा. चाचणी घेताना मुलाचं उत्तर बरोबर असो की चूक, घेणाऱ्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलता कामा नये. आणि ही बाई जन्मभर "घे रे राजा, अजून घे!" म्हणत आलेली. मिल्टननं तिला आरशासमोर बसवलं. "चेहरा दगडासारखा ठेव."

"दगडासारखाच आहे."

"दगडाला एवढा आनंद होत नाही, लव्हॉन."

ऑक्टोबरभर हे चाललं. नाताळपर्यंत तिचा चेहरा दगडाच्या जवळपास आला आणि मिल्टनला पहिल्यांदाच वाटलं की या झाडूंच्या खोलीत आपल्यामागे कुणीतरी बसणार.

फेब्रुवारीत युलालियाचा कागद आला. आठ वर्षांची पोर, आईबाप मांसाच्या कारखान्यात कामाला, ग्वाटेमालातून सप्टेंबरात आलेली. वर्गात बोलत नाही, सांगितलेलं करत नाही, तेव्हा बुद्धीची चाचणी घ्यावी, असं वर्गाच्या बाईंनी लिहिलं होतं. शाळेचे पंचेचाळीस दिवस संपायच्या आत अहवाल द्यायचा, हा राज्याचा नियम. चाचणी मुलाच्या स्वतःच्या भाषेत घ्यायची, हाही नियमच. शाळांचे अधीक्षक डेल्बर्ट क्रायचेक यांनी तत्परतेनं कोर्टातला स्पॅनिश दुभाषी बोलावला.

लव्हॉननं चाचणी घेतली. दगडाचा चेहरा करून घेतली. युलालिया टेबलाकडे बघत बसली. बुद्ध्यंक आला चोपन्न. म्हणजे मंदबुद्धीचा वर्ग, वेगळी खोली, बारावीपर्यंत.

त्या दुपारी लव्हॉन सवयीनं जेवणाच्या रांगेपाशी उभी होती. युलालिया आपल्या मोठ्या बहिणीला, मिकाएलाला, ट्रेपलीकडून काहीतरी सांगत होती. भराभर, हातवारे करून, हसत. लव्हॉनला स्वयंपाकघरापुरती स्पॅनिश यायची: गरम, गार, अजून, बस. त्यातला एकही शब्द तिथे नव्हता.

"मिकाएला, ही कुठली भाषा गं?"

"आमची. कंहोबाल." पोरीनं खांदे उडवले. "हिला स्पॅनिश नाही येत. मला शाळेत आली. ही तिकडे शाळेत गेलीच नाही."

"मग कुणी सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलं?"

लव्हॉन खोलीत परतली आणि चाचणीच्या पहिल्या पानावर जाड पेनानं लिहिलं: ग्राह्य नाही. अहवालात तिनं एक वाक्य घातलं: या चाचणीत मोजलं गेलं ते युलालियाचं नव्हे, आमचं अज्ञान. मिल्टननं हे वाक्य चार वेळा खोडलं. तिनं पाच वेळा घातलं, आणि पोरीची भाषा जाणणारा दुभाषी मिळेपर्यंत अहवाल अडवून ठेवला.

मुदतीला सहा दिवस उरले असताना अधीक्षकांनी दोघांना बोलावलं. डेल्बर्ट क्रायचेक अडतीस वर्षांचा होता आणि टाय घातला की अठ्ठेचाळीसचा दिसायचा. त्यासाठीच तो घालायचा.

"मिसेस कुबिचेक, आपण दुभाषी आणला. फॉर्मवरच्या चौकोनात खूण केली. आता हे काय?"

"चौकोनासमोर 'मुलाची भाषा' असं लिहिलंय, डेल्बर्ट. 'अधीक्षकाला वाटेल ती' असं नाही."

"ग्वाटेमालाची माणसं स्पॅनिश बोलतात."

"आणि तू ब्रेझ्नोचा क्रायचेक. बोल बघू चेक!"

डेल्बर्टनं टाय सैल केला. "विषय तो नाही."

"तोच आहे. तुझ्या आजीला इंग्रजी येत नव्हती म्हणून तीन वर्षं पहिलीत बसवलं होतं. माझी आजी तिच्याच बाकावर होती. दोघींना अख्खा गाव मंद म्हणायचा. तुझी आजी पुढे बँकेची हिशेबनीस झाली, हे तुला मी सांगायला हवं?"

"मुदत चुकली तर राज्याकडून पत्र येतं. उत्तर मला द्यावं लागतं."

"दे की. शाई मी देते."

"तुम्हाला परवाना हवाय ना?" डेल्बर्टचा आवाज चढला. "अजून एकशेदहा तास बाकी आहेत. उद्यापासून शाळेत येऊ नका, असं मी म्हटलं तर?"

"मग म्हण. लेखी म्हण." लव्हॉन उभी राहिली. खुर्चीही तिच्यासोबत थोडी उठली. "अरे, तुझ्या तासांसाठी मी त्या पोरीच्या कपाळावर शिक्का मारीन होय? तास मी दुसरीकडे भरीन. अलास्कात जाऊन भरीन! तो शिक्का मात्र पोरीला जन्मात पुसता यायचा नाही. तिसरीत तू मटार टेबलाखाली फेकायचास आणि मला वाटायचं, सुधारेल पोरगा."

डेल्बर्ट मिल्टनकडे वळला. मिल्टन इतका वेळ गालिच्यावरची नक्षी अभ्यासत होता.

"मिल्टन, अहवाल तुम्ही लिहा. सही तुमची. आणि हिचे तास तुम्हाला समाधानकारक वाटले नाहीत, तर मी समजू शकतो. मे महिन्यात तुम्ही निवृत्त होताय. त्यानंतर आठवड्याचे दोन दिवस येण्याबद्दल आपलं बोलणं झालंच होतं."

ते दोन दिवस मिल्टनला हवे होते. घरी बसायची त्याला भीती वाटायची. पण गालिच्याकडे बघता बघता त्याला आपल्या एकतीस वर्षांतले चौकोन दिसायला लागले. कारखाना सुरू झाल्यापासून कितीतरी पोरांच्या कागदावर त्यानं 'स्पॅनिश' अशी खूण केली होती. त्यानंही कधी विचारलं नव्हतं.

"मी नाही करणार," तो म्हणाला.

"काय?"

"नाही करणार."

"ऐकू आलं नाही, मिल्टन."

"नाही करणार म्हटलं!" मिल्टन असा ओरडला की बाहेरची सेक्रेटरी फोन सोडून धावत आली. एवढा आवाज आपल्यात आहे हे त्याला चौसष्टाव्या वर्षी कळलं, आणि आवडलंही. "उमेदवार माझी आहे. तासांवर सही माझी लागते, तुझी नाही. विद्यापीठाशी झालेला करार वाच. मुदत चुकली म्हणून राज्याला मीच कळवतो. का चुकली, तेही कळवतो."

"शाबास!" लव्हॉन म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर दगडाचं नाव नव्हतं.

करार डेल्बर्टला मोडता येईना. त्यानं झाडूंची खोली काढून घेतली. उरलेले एकशेदहा तास दोघांनी व्यायामशाळेच्या जिन्याखाली भरले. वर मुलं चेंडू आपटायची आणि खाली लव्हॉन अहवाल लिहायची. कंहोबाल जाणणारी दुभाषी फोनवर मिळाली, तीनशे मैलांवरची. तिच्या मदतीनं आणि न बोलता सोडवायच्या ठोकळ्यांनी लव्हॉननं युलालियाची नव्यानं चाचणी घेतली. बुद्ध्यंक आला शहाण्णव. म्हणजे चारचौघांसारखा. पोर हुशार नव्हती, मंद नव्हती. तिला इंग्रजी शिकवायची होती, आणि ते काम त्याच वर्गात सुरू झालं.

एप्रिलच्या शेवटी मिल्टननं बाराशे तासांच्या कागदावर सही केली. इतकी ठळक केली की मागच्या तीन कागदांवर उमटली. दोन दिवसांची नोकरी त्याला मिळाली नाही. लव्हॉन जूनमध्ये परीक्षा पास झाली. जुलैत परवाना ईमेलनं आला आणि त्याच दिवशी तिनं मिल्टनच्या जागेसाठी अर्ज केला. डेल्बर्टनं तो घेतला नाही. ती आता शेजारच्या तालुक्यातल्या तीन शाळांत काम करते, जायला चौसष्ट मैल पडतात. ब्रेझ्नोतली जागा अजून रिकामी आहे.