मोटारीखालची ढेप

आता काय सांगू तुम्हाला, सासुरवाडीत माझ्या हातून जे झालं ते वैऱ्याच्याही हातून न होवो! आधी चहा ओता. त्याशिवाय तोंडातून शब्द निघायचा नाही.

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जुनी मोटार घेतली होती. देवळी गावात केवढा तोरा तिचा! त्या दिवशी धाकट्या मेहुणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. पाहुणे चारला वर्ध्याच्या स्टेशनावर उतरणार, त्यांना मोटारीनं आणतो असा निरोप गेलेला. आणि सकाळी पाहतो तर अंगणात मागचं चाक बसलेलं! जादाचं चाक आधीच फाटलेलं.

मामाजी डोक्याला हात लावून बसले. "मोटारीचं सांगून बैलबंडी पाठवली, तं ते लोक काय म्हणतीन?"

"काऊन घाबरता मामाजी? मी आहो ना!"

हे कोण बोललं? मीच! जन्मात जॅकला हात लावला नव्हता, बरं का.

पण काम शिस्तीत केलं हो. स्टँडवर उभ्या असलेल्या बसच्या ड्रायव्हरकडून जॅक मागून आणला. बाकीच्या चाकांना दगड लावले. गाडी जमिनीवर असतानाच नट ढिले केले. काळी माती, जॅक रुतेल, म्हणून खाली जाड फळी घातली. गाडी उचलली, चाक काढलं. सासूबाई दारातून म्हणाल्या, "जवाई मोठे हुशार हायेत हो!"

तेवढ्यात ड्रायव्हर हजर. "जॅक द्या जी, माही गाडी सुटून राह्यली."

आता मोटार टेकवू कशावर? गोठ्यात सरकीच्या ढेपेच्या, म्हणजे पेंडीच्या, लाद्या होत्या. ढेप केवढी टणक असते, ठाऊक आहे ना? कुऱ्हाडीनं फोडावी लागते! लाद्या एकावर एक रचून आसाखाली सारल्या, गाडी अलगद उतरवली. धक्का देऊन पाहिला. तसूभर हलली नाही! जॅक परत केला, चाक खांद्यावर घेतलं आणि जाताना सगळ्यांना दम भरला, "मोटारीजवळ कोणी फिरकायचं नाई!"

माणसं फिरकली नाहीत. तेवढं मात्र सगळ्यांनी ऐकलं.

पंक्चर काढून परत येतो तर काय! मोटार एका अंगावर बसलेली, मडगार्ड चेपलेला, आणि शेजारी मामाजींची म्हैस डोळे मिटून रवंथ करतेय! कडेकडेनं खात तिनं मोटार जमिनीला टेकवली होती. आणि जॅक? तो बसबरोबर पुलगावच्या वाटेला लागलेला!

मला रडू फुटलं. खोटं नाही सांगत. शेवटी बंडीच जुंपली. मेहुणी आत हुंदके देत होती आणि बायको माझ्याकडे बघतही नव्हती. माझ्या शहाणपणापायी पोरीचं जमलेलं मोडतं की काय!

दिवे लागून गेल्यावर पाहुणे कमरा धरत बंडीतून उतरले. मुलाचे वडील मोटारीकडे पाहतच राहिले. "हे कसं झालं हो?"

"म्हशीनं केलं," मी पुटपुटलो.

"म्हशीले नाव नोका ठेवू, जवाईबापू," मामाजी म्हणाले. "ढेप खाची असते, येवढं तिले समजते."

मुलाचे वडील असे हसले, असे हसले, की कमरेचं दुखणंच विसरले. साक्षगंध पार पडलं.

पुढं लग्नात थोरल्या जावयाला मानाचं काम हवं ना? मला दिलं. म्हशीचं दावं धरून बसायचं!

आणि ऐन मंगलाष्टकात ती माझ्या हातून सुटली.