सगुणा सिस्टरचा संशय

सगुणा सिस्टर कुणाच्या सांगण्यावर पटकन विश्वास ठेवत नसे. रोह्याच्या एका लहानशा इस्पितळात तातडीच्या खोलीत तिने अठरा वर्षं काढली होती. विष घेतलेली पोर 'उलट्या होतायत' म्हणून यायची. नवऱ्याने मारलेली बाई 'पाय घसरला' म्हणून. कंपनीत भाजलेला माणूस 'घरी स्टो भडकला' म्हणून. त्यामुळे बोलणाऱ्याकडे ती कमीच बघायची; मागे गप्प उभं असेल त्याच्याकडे जास्त.

अठ्ठ्याण्णव सालच्या एका सोमवारी दुपारी कोलाडजवळच्या खेड्यातून टेम्पो आला. आत गुणाजी नावाचा शेतकरी आणि त्याची आई धोंडुबाई. दोघांचे ओठ जांभळे, नखं निळी. जेवून उठल्यावर तासाभरात गरगरलं, धाप लागली. सोबत गुणाजीची बायको शांती होती. तिला काहीच झालं नव्हतं.

"काय जेवले?" सगुणाने विचारलं.

"वालाची आमटी नि भात."

"आणि तू?"

"माझा सोमवार हाय. चहावर होते."

सगुणाने तिला नीट न्याहाळलं. रांधलं हिने, आणि जेवली नाही तीही हीच. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. तिने शिपायाला खुणेनं सांगितलं, हिला बाहेर सोडू नकोस. डॉक्टरांच्या कानाशी लागून म्हणाली, "घरातलंच प्रकरण दिसतंय. पोलिसांना कळवू या."

एवढ्यात गुणाजीचा धाकटा भाऊ मोरू धाटावच्या केमिकल कंपनीतून शिफ्ट टाकून धावत आला. आल्या आल्या वहिनीवर ओरडला, "काय घातलंस गो आमटीत? आयेच्या जिवावर उठलीस?"

शांती भिंतीला टेकून खाली बसली. "देवाशपथ, मी काय नाय केलं."

डॉक्टर वयाने लहान होते, पण उतावळे नव्हते. त्यांनी डोळ्यांच्या बाहुल्या तपासल्या. फवारणीचं औषध पोटात गेलं असतं तर त्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असत्या, तोंडातून लाळ गळली असती. तसं काही नव्हतं. छातीही स्वच्छ होती. ऑक्सिजन लावून दहा मिनिटं झाली, तरी ओठांचा रंग बदलेना. सगुणाने रक्त काढलं आणि सिरिंज उजेडात धरून बघतच राहिली. रक्त काकवीसारखं तपकिरी होतं. गॉजवर थेंब टाकून वाऱ्याला धरला, तरी लाल होईना.

"डॉक्टर, असं रक्त मी एकदाच बघितलंय. धाटावच्या कामगाराचं. त्याच्या अंगावर केमिकल सांडलं होतं."

"बरोबर. पण ते यांच्या ताटात कुठून येणार?"

सगुणाने मागे बघितलं. इतका वेळ तोंड सोडणारा मोरू एकदम गप्प झाला होता. ती शांतीजवळ उकिडवी बसली. "आज आमटीत रोजच्यापेक्षा वेगळं काय पडलं?"

"काय नाय... मीठ तेवढं संपलेलं. भावोजींनी आणलेली पिशवी माळ्यावर होती, त्यातलं घातलं. आळणी लागली म्हणून आयेनी वरून आणखी घेतलं."

"कुठून आणलंस ते?" सगुणाने मोरूला विचारलं.

"कंपनीतल्या रिकाम्या गोण्या झाडून," तो पुटपुटला. "मीठच वाटलं. साहेबांना कळलं तर काढतील मला."

"मघाशी हिच्यावर ओरडलास, तेव्हा पिशवी आठवली होती?"

मोरूच्या मनात तेव्हा काय होतं, ते सगुणाला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या कामगाराच्या वेळेपासून डॉक्टरांनी अशा विषावर उतारा म्हणून निळ्या इंजेक्शनच्या कुप्या कपाटात ठेवल्या होत्या. दोघांना शिरेतून हळूहळू दिल्या. अर्ध्या तासात गुणाजीचे ओठ माणसाचे दिसू लागले. संध्याकाळी त्या औषधाने लघवी हिरवी-निळी झाली तेव्हा धोंडुबाई मात्र पुन्हा घाबरली. टेम्पोवाल्याने पिशवी आणून दिली. सगुणा पेणच्या खाडीकाठची, तिच्या बापाचा जन्म मिठागरात गेला होता. कागदावर ओतलेली ती पिवळट, रव्यासारखी बारीक पूड बघताच ती म्हणाली, "हे खाडीचं मीठ नाय." पण शांतीला ते कसं ओळखू यावं?

दुसऱ्या दिवशी शांतीने पेज आणली. धोंडुबाईने वाटी गुणाजीपुढे सरकवली. "आधी तू घे." शांती बाहेर गेली. सगुणा मागोमाग गेली.

"सिस्टर, पोलिसांचं तुमीच बोलला होतात ना?"

"व्हय. चुकलं माझं."

"इथं चुकलं म्हणालात. गावात कोन सांगंल?"

पुढच्या रविवारी सगुणा एसटीने त्या गावात गेली. गुणाजीच्या ओट्यावर बसून शेजारपाजाऱ्यांसमोर तिने सगळं सांगितलं, पहिला संशय आपण घेतला हेसुद्धा. मोरू घरी नव्हता. काहींना पटलं, काहीजण नुसते ऐकून उठले. मग धोंडुबाई आत तोंड करून म्हणाली, "शांते, सिस्टरला जेवाय वाढ. माजं पन वाढ."